आकाशातून पडणारे यंत्र आणि खाली राहणारी माणसे

२ एप्रिल २०२२. त्या दिवशी शनिवार होता आणि गुढीपाडवाही होता. रात्री पावणेआठच्या सुमारास विदर्भ-खानदेशातल्या अनेक गावांतून लोकांनी एक विलक्षण दृश्य पाहिले. जळते गोळे एका रांगेत, शेपट्या मागे टाकीत, आकाशातून पुढे सरकत होते. थोड्याच वेळात चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी गावात धातूचे एक भलेमोठे कडे येऊन पडले. त्याचा व्यास सुमारे ३ मीटर, म्हणजे आपल्या चाळीतल्या खोलीत ते आडवे मावणे कठीण. त्याच तालुक्यात पवनपारच्या बाजूला धातूचा एक गोळाही सापडला. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही.

त्या दृश्याची चित्रफीत कल्याण-डोंबिवलीतल्या घराघरांत मोबाईलवर पोचायला वेळ लागला नाही. आमच्या वस्तीतली सातवीतली एक मुलगी दुसऱ्या दिवशी आम्हाला विचारू लागली, "काका, हे खाली पडेपर्यंत वाट कशाला बघायची? वरच्यावर गोळी घालून फोडता येत नाही का?" तिची आजी बाजूलाच तांदूळ निवडीत बसली होती. त्या म्हणाल्या, "अगं, आमच्या वेळी स्कायलॅब पडणार म्हणून असाच हल्लकल्लोळ झाला होता. मी नुकती लग्न होऊन कल्याणला आले होते. कुणी म्हणे मुंबईवर पडणार, कुणी म्हणे ठाण्यावर. माणसं कामावर जावं की नको, या विचारात पडली होती."

नातीचा प्रश्न आणि आजीची आठवण, दोन्ही मोलाची. आजींच्या आठवणीतली स्कायलॅब ही अमेरिकेची सुमारे ७७ टनांची अंतराळ प्रयोगशाळा १९७३ साली वर गेली आणि ११ जुलै १९७९ रोजी कोसळली. तिचे तुकडे हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात पडले. माणूस एकही दगावला नाही. मात्र त्या दिवसांत खरी माहिती थोडी आणि अफवा फार, अशी आपली अवस्था होती. नातीच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर २००८ सालाकडे वळावे लागते. त्या वर्षी एका देशाच्या नौदलाने बिघडलेला उपग्रह खरोखरच क्षेपणास्त्र मारून फोडला.

अमेरिकेने १४ डिसेंबर २००६ रोजी एक हेरगिरी करणारा उपग्रह सोडला. यूएसए-१९३ हे त्याचे नाव. कक्षेत पोचल्यावर थोड्याच काळात त्याचा जमिनीशी संपर्क तुटला. दिलेली आज्ञा तो ऐकेना. वजन सुमारे २,३०० किलो, आकार एखाद्या बसएवढा, आणि पोटात सुमारे ४५० किलो हायड्रॅझिन नावाचे इंधन. आपल्या स्वयंपाकघरातल्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. म्हणजे जवळजवळ ३२ सिलिंडर भरतील एवढ्या वजनाचे ते विषारी द्रव्य होते. उपग्रह बंद पडल्याने ते वापरले गेले नव्हते, थंडीने गोठून टाकीत तसेच पडून होते.

हायड्रॅझिन म्हणजे काही परग्रहावरचा पदार्थ नव्हे. वीज केंद्रांच्या बॉयलरमध्ये पाण्यातला प्राणवायू काढून टाकण्यासाठीही ते वापरले जाते. त्याला अमोनियासारखा उग्र वास येतो. ते श्वासावाटे गेले तर फुप्फुसांना इजा होते, अंगावर पडले तर कातडी भाजते.

आता वाचकांपैकी कुणी विचारील, वर फिरणारा उपग्रह मुळात खाली येतोच का? दोन-तीनशे किलोमीटर उंचीवर हवा अगदी विरळ असते, पण अजिबात नसते असे नाही. त्या विरळ हवेचा विरोध उपग्रहाला सतत होत राहतो. चालू उपग्रह आपले इंधन जाळून ही घट भरून काढतो. बंद पडलेल्या उपग्रहाला ते जमत नाही. तो हळूहळू खाली सरकतो, दाट हवेत शिरला की तापून फुटतो आणि त्याचा बराचसा भाग जळून जातो. पण इंधनाच्या टाक्या जाड आणि मजबूत धातूच्या असतात. त्या पुष्कळदा जमिनीपर्यंत पोचतात. सिंदेवाहीचा गोळा पाहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

तो पडणार कुठे, हे आधी नेमके सांगता येत नाही, कारण वेग भयंकर असतो. असा उपग्रह एका सेकंदात पावणेआठ किलोमीटर जातो. ठाणे ते कल्याण हे अंतर धिम्या लोकलला अर्ध्या तासाच्या वर लागते. उपग्रह ते तीन सेकंदांच्या आत पार करतो. पडण्याच्या वेळेचा अंदाज एका मिनिटाने चुकला, तरी पडण्याची जागा साडेचारशे किलोमीटरने बदलते. यूएसए-१९३ चा मार्ग असा होता की तो आपल्या ठाणे जिल्ह्याच्या अक्षांशावरूनही जात-येत होता.

१४ फेब्रुवारी २००८ रोजी अमेरिकेने जाहीर केले की, हा उपग्रह क्षेपणास्त्राने फोडण्यात येईल. टाकी वस्तीत पडून फुटली तर दोन फुटबॉल मैदानांएवढ्या जागेत विषारी वायू पसरेल, असे कारण अधिकाऱ्यांनी दिले. त्या वेळी त्यांचे अटलांटिस हे अंतराळयान वर होते. ते माणसांसह सुखरूप उतरेपर्यंत थांबण्यात आले. आपल्याकडे २१ फेब्रुवारीची सकाळ होती. नऊला काही मिनिटे कमी असताना, हवाईच्या पश्चिमेला प्रशांत महासागरात उभ्या असलेल्या 'लेक एरी' या युद्धनौकेने एसएम-३ क्षेपणास्त्र सोडले. सुमारे २४७ किलोमीटर उंचीवर ते उपग्रहाला भिडले. मुंबईच्या सीएसएमटीहून मनमाड जेवढे लांब, जवळजवळ तेवढी ही उंची.

या क्षेपणास्त्राच्या टोकाला स्फोटके नव्हती. उपग्रह आणि क्षेपणास्त्र एकमेकांवर येऊन आदळण्याचा वेग ताशी सुमारे ३५ हजार किलोमीटर होता. एवढ्या वेगात नुसती धडकच पुरेशी होते. पहिल्याच प्रयत्नात उपग्रहाचा चुराडा झाला. टाकीही फुटली, असे अमेरिकेने काही दिवसांनी सांगितले. धडक कमी उंचीवर झाल्यामुळे बहुतेक तुकडे थोड्याच काळात हवेत शिरून जळून गेले. म्हणजे त्या मुलीच्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे: होय, फोडता येते.

पण गोष्ट इथे संपत नाही. एवढ्या खटाटोपामागे टाकी हेच कारण होते का, अशी शंका तेव्हाच घेतली गेली. समुद्र, वाळवंट आणि ओसाड प्रदेश मिळून पृथ्वीचा फार मोठा भाग निर्मनुष्य आहे. टाकी नेमकी माणसांवर पडण्याचा संभव अगदी कमी होता. हे सारे नव्या शस्त्राची चाचणी घेण्यासाठी चालले आहे, असा आरोप रशियाने केला. शंका यायला कारणही होते. त्याआधी वर्षभरापूर्वी, ११ जानेवारी २००७ रोजी, चीनने आपला एक जुना हवामान उपग्रह सुमारे ८६५ किलोमीटर उंचीवर क्षेपणास्त्राने उडवला होता. त्याचे मोजता येण्याजोगे तीन हजारांहून अधिक तुकडे झाले. एवढ्या उंचीवर हवेचा विरोध नगण्य असल्याने त्यातले पुष्कळसे तुकडे अजूनही फिरत आहेत. १५ नोव्हेंबर २०२१ रोजी रशियाने स्वतःचाच एक निकामी उपग्रह असा फोडला, तेव्हा दीड हजार तुकडे झाले आणि अंतराळ स्थानकातल्या माणसांना, त्यात रशियाचीही माणसे होती, परतीच्या यानांत जाऊन बसावे लागले.

आपला देशही यात मागे नाही. २७ मार्च २०१९ रोजी 'मिशन शक्ती'खाली डीआरडीओच्या शास्त्रज्ञांनी ओडिशाच्या किनाऱ्याजवळच्या अब्दुल कलाम बेटावरून क्षेपणास्त्र सोडले आणि सुमारे ३०० किलोमीटर उंचीवरचा आपलाच मायक्रोसॅट-आर हा उपग्रह उडवला. अशी क्षमता दाखवणारा भारत चौथा देश ठरला. इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. तो उपग्रह बिघडून पडत होता म्हणून फोडला, असे नव्हे. तो दोनच महिने आधी, २४ जानेवारी २०१९ ला सोडलेला होता आणि लक्ष्य म्हणूनच वापरला गेला. कचरा लवकर खाली यावा म्हणून उंची कमी निवडली होती आणि बहुतेक तुकडे लवकर जळालेही. तरी काही तुकडे धडकेने वर फेकले गेले आणि वर्ष उलटून गेल्यावरही फिरत राहिले. आपल्या शास्त्रज्ञांच्या कौशल्याचा अभिमान जरूर बाळगावा, पण वर उडालेला तुकडा कोणत्या देशाचा, हे पाहून कुणाला धडकत नाही, याचीही जाण ठेवावी.

मग दुसरा मार्ग आहे का? आहे, आणि तो आपल्याच इस्रोने दाखवला आहे. मेघा-ट्रॉपिक्स हा सुमारे हजार किलोचा हवामान उपग्रह २०११ साली सोडला होता. त्याचे काम संपले तेव्हा पोटात शंभर किलोहून अधिक इंधन शिल्लक होते. ते इंधन थोडे-थोडे जाळत शास्त्रज्ञांनी त्याला टप्प्याटप्प्याने खाली आणले आणि ७ मार्च २०२३ रोजी प्रशांत महासागरावरच्या निर्मनुष्य भागात विसर्जित केले. ना क्षेपणास्त्र, ना कचरा. जो वस्तू वर पाठवतो, त्याने ती नीट खाली आणण्याची सोय आधीच करून ठेवावी, हा त्यातला धडा आहे.

सिंदेवाहीत पडलेले कडे मात्र या विचारातून सुटलेले होते. ते चीनच्या फेब्रुवारी २०२१ मधल्या एका रॉकेटच्या वरच्या टप्प्याचे असावे, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. काम झाल्यावर तो टप्पा वरच सोडून दिला गेला आणि वर्षभराने एका खेड्यात येऊन पडला. आपल्या कचऱ्याचे पुढे काय होते, ही चिंता कचरा करणारा करीत नाही. ज्यांनी कल्याणच्या आधारवाडी डम्पिंगचा धूर वर्षानुवर्षे खाल्ला, त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही.

कायदा मात्र आहे. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार अंतराळातून पडलेल्या वस्तूने जमिनीवर नुकसान झाले, तर ती पाठवणाऱ्या देशाने भरपाई द्यायची असते. २४ जानेवारी १९७८ रोजी सोव्हिएत संघाचा अणुभट्टी असलेला कॉसमॉस-९५४ हा उपग्रह कॅनडात कोसळला, तेव्हा साफसफाईच्या खर्चापोटी सोव्हिएत संघाने ३० लाख कॅनडियन डॉलर दिले.

या साऱ्या हकिकतीत आम्हाला एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. अमेरिकेचा हेतू काहीही असो, टाकीत काय आहे, किती आहे आणि त्याने माणसाला काय होते, हे त्यांनी आधी सांगितले. जगातल्या कुठल्याही वस्तीवर पडू शकणारे विष जगाला कळले. आणि आपल्या दाराशी असलेल्या विषाचे काय? डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २६ मे २०१६ ला स्फोट झाला, पुन्हा २३ मे २०२४ ला झाला. माणसे मेली, दूरदूरच्या घरांच्या काचा फुटल्या. भिंतीपलीकडच्या पिंपात काय भरले आहे, हे अलीकडे राहणाऱ्या किती जणांना ठाऊक होते? भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेनंतर १९८७ साली कारखाने कायद्यात तरतूद घातली गेली की, घातक प्रक्रियेची माहिती कामगारांना आणि परिसरातल्या जनतेलाही दिली पाहिजे. ती तरतूद फुकट मिळालेली नव्हती. हजारो जीव गेल्यावर ती आली. माहिती मागणे हा उद्धटपणा नव्हे, हे आपल्या पाळीत काम करणाऱ्या तरुणांनी ध्यानात ठेवावे.

शेवटी घरातल्यांसाठी चार गोष्टी. आकाशातून पडलेली वस्तू दिसली तर तिला हात लावू नये, मुलांना जवळ जाऊ देऊ नये. आत इंधन उरलेले असू शकते. भंगाराच्या भावाने विकण्याचा मोह तर मुळीच करू नये. लांब उभे राहून ११२ क्रमांकावर पोलिसांना कळवावे. उग्र वास येत असेल तर वाऱ्याच्या आडव्या दिशेने दूर जावे. कारखान्यातून वायू सुटला, तरीही हीच रीत उपयोगी पडते.

आणि असे काही घडले की दैवी कोप, शकुन-अपशकुन अशा गोष्टी मोबाईलवरून पसरू लागतात. त्या पुढे पाठवण्याआधी घरातल्या शिकत्या मुलाला किंवा मुलीला विचारावे. वैज्ञानिक दृष्टिकोन बाळगणे हे तर संविधानाने सांगितलेले आपले कर्तव्यच आहे.

आमच्या वस्तीतल्या त्या मुलीला आम्ही हे सारे सांगितले. तिने शांतपणे ऐकले आणि आजीला म्हणाली, "आजी, तुमच्या वेळी कुणी सांगायला नव्हतं म्हणून तुम्ही घाबरलात." आजी हसल्या. तांदळाचे ताट बाजूला सारून म्हणाल्या, "आता तू शिक, म्हणजे पुढच्या वेळी तूच चाळीला सांगशील."