लिंबाची छाटणी पाऊस गेल्यावर

धामापुरात पाण्याला तोटा नाही. विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी 1530 मध्ये बांधलेलं, भगवतीच्या देवळालगतचं तळं आजही गावाला पाणी देतं. 2020 मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला. माड-पोफळींना हा ओलावा मानवतो. परड्यातल्या कागदी लिंबाला मात्र तोच नडतो. म्हणून लिंबाची छाटणी इथे पावसाकडे बघूनच ठरवावी लागते.

आपल्याकडे फांद्या तोडायचे दिवस म्हणजे एप्रिल-मे. भाजावळीसाठी ऐन-किंजळ तोडायचा, सरपणाची बेगमी करायची, घरावर आलेल्या फांद्या उतरवायच्या. त्याच हातासरशी लिंबावरही कोयता चालतो. ऐन बोडका केला तरी पुन्हा पालवतो; लिंबाचं तसं नाही. त्याची बरीचशी शिदोरी पानांतच असते. मोठी तोड झाली की फळं राहतात बाजूला आणि झाड सरळसोट, काटेरी पाणसोट फेकत सुटतं. उघडी पडलेली साल मेच्या उन्हात भाजते, आणि जखमा सुकायच्या आत पाऊस येतो.

मग खैऱ्या शिरतो. पानांवर, फळांवर, कोवळ्या काटक्यांवर पिवळ्या कडांचे खडबडीत तपकिरी डाग पडतात, तो हा जिवाणूंचा रोग. कागदी लिंबू त्याला फार लवकर बळी पडतं. पावसाचे शिंतोडे जिवाणू एका पानावरून दुसऱ्यावर नेतात आणि जखम मिळाली की त्यांचं फावतं. ती जखम काट्याची असो, पानं पोखरणाऱ्या अळीची असो, की आपल्या कोयत्याची.

तेव्हा मुख्य छाटणी दिवाळी ते डिसेंबर, हवा कोरडी झाल्यावर, तयार फळं उतरवून करावी. पुढे जानेवारी-फेब्रुवारीत येणाऱ्या नव्या पालवीबरोबर फुलं धरतात. उशीर केलात तर कळ्याच कापल्या जातील. आधी सल, म्हणजे वाळलेल्या काटक्या काढाव्यात. मग डागाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि जमिनीला टेकलेल्या फांद्या. कलम असेल तर जोडाखालचा धुमारा ठेवू नये. पाव झाडापेक्षा जास्त कापायचा मोह टाळावा.

कोयत्याने साल फाटते. बारीक फांदीला सिकेटर, जाडीला करवत बरी, तीही आधी खालून थोडी चालवून. रोगट फांदी कापल्यावर पातं स्पिरिटने पुसावं आणि ती फांदी जाळावी. मोठ्या घावांवर बोर्डो मलम लावावं: 100 ग्रॅम मोरचूद, 100 ग्रॅम कळीचा चुना, 1 लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करायचं; लोखंडी भांडं चालत नाही. फ्रान्समधल्या बोर्डो शहरात वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांनी 1885 मध्ये द्राक्षांसाठी प्रसिद्ध केलेलं हे औषध पोफळीच्या कोळेरोगामुळे आपल्याही ओळखीचं आहे.

मेअखेरीस लिंबाला हात लावायचाच, तर फक्त खैऱ्याच्या काटक्या काढाव्यात आणि पावसाआधी एक टक्का बोर्डो फवारावं. उंबील मुंग्यांचं घरटं दिसलं म्हणून फांदी तोडू नये. दक्षिण चीनमध्ये संत्र्या-लिंबांच्या बागांत किडी खाण्यासाठी शेतकरी याच मुंग्या शेकडो वर्षं मुद्दाम सोडत आले आहेत.

या दिवाळीनंतर एक कोरडी सकाळ धरा, झाडाखाली उभे राहून वर बघा आणि पहिल्या दिवशी फक्त सल काढा.