जुन्या पद्मिनीचे मागचे ब्रेक: घाट उतरण्याआधी काय बघायचं, काय बदलायचं?

अब्बांच्या वेळची प्रीमियर पद्मिनी अजून दारात उभी आहे, अशी घरं आपल्यात आहेत. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये गेली, पण घरची गाडी कुणी सहजासहजी काढत नाही. सुट्टी लागली की तीच गाडी माणहून घोटावडे, पौड, मुळशी करत ताम्हिणी घाटाने माणगाव-म्हसळ्याकडे निघते. आत पाच-सहा माणसं, डिकीत सामान आणि पुढे लांबच लांब उतार. म्हणून मागच्या ड्रम ब्रेकची माहिती आज आम्ही देत आहोत.

ड्रम ब्रेक चालतो कसा?

पॅडल दाबलं की मास्टर सिलिंडरमधलं ब्रेक ऑइल पाइपमधून चाकापर्यंत दाब नेतं. तिथल्या व्हील सिलिंडरचे पिस्टन दोन्ही ब्रेक शूंना बाहेर ढकलतात. शूवरचं लायनर फिरत्या ड्रमला आतून घासतं आणि गाडी थांबते. पॅडल सोडलं की स्प्रिंग शूंना परत ओढतात.

पद्मिनीला चारही चाकांना ड्रम आहेत. ड्रम बंदिस्त असल्यामुळे उष्णता लवकर बाहेर पडत नाही. उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवला की लायनर तापतं आणि पकड कमी होते. त्यात अनेक जुन्या गाड्यांत चारही चाकांची ऑइल लाइन एकच असते. मागचं एक सिलिंडर गळलं तरी सगळेच ब्रेक जाऊ शकतात. खरा धोका इथे आहे.

ही लक्षणं दिसली तर थांबा

पॅडल खूप खाली जातं, दोन-तीनदा मारल्यावरच धरतं, गाडी एका बाजूला ओढते, मागून खरखर येते, टाकीतलं ब्रेक ऑइल कमी होतं किंवा टायरच्या आतल्या बाजूला ओल दिसते. यातलं एक जरी असलं तरी आधी ड्रम उघडा, मगच प्रवास.

काम करताना

पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावा. गाडी नुसत्या जॅकवर ठेवू नका, खाली मजबूत स्टँड हवाच. एका वेळी एकच बाजू उघडा आणि मोबाइलवर फोटो काढा, म्हणजे स्प्रिंग कुठे होती याचा घोळ होत नाही.

ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरने किंवा तोंडाने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि ते फुफ्फुसाला घातक आहे. मास्क लावा, साबणाच्या पाण्याने धूळ ओली करून पुसा. मुलांना लांब ठेवा.

लायनर रिव्हेटच्या डोक्याजवळ आलं असेल तर बदला, आणि दोन्ही चाकांचं एकदमच बदला. एकच बाजू बदलली तर ब्रेक मारताना गाडी ओढते. ऑइल प्यायलेलं लायनर धुऊन परत बसवू नका. व्हील सिलिंडरचं रबर उचलून बघा. आत ऑइल साचलं असेल तर रबर किट बदला, आणि आतून गंज किंवा खड्डे असतील तर अख्खं सिलिंडरच बदला. घट्ट आणि उग्र वासाचं ऑइल दिसलं तर ते ॲक्सलचं आहे, म्हणजे तिथलं सीलही गेलं. ड्रमला खोल चरे असतील तर लेथवर टर्निंग करून घ्या, पण ठरलेल्या मापापलीकडे गेला असेल तर ड्रम नवाच घ्यावा लागतो.

रबरी भाग रॉकेल, पेट्रोल किंवा इंजिन ऑइलने धुऊ नका. रबर फुगतं आणि ब्रेक अडकतो.

शेवटचं काम, सगळ्यात महत्त्वाचं

शू ॲडजस्ट करा आणि मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून हवा काढत या. ब्रेक ऑइल नव्या सीलबंद डब्यातलंच घ्या. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३ ऑइल नवं असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरल्यावर ती हद्द १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकते. घाटात ऑइल उकळलं की पॅडल पोकळ होतं. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदला.

पॅडल कडक लागतंय याची खात्री करूनच गाडी हलवा. आधी रिकाम्या रस्त्यावर हळू वेगात अनेकदा थांबवून बघा. नवं लायनर ड्रमवर बसायला थोडा वेळ लागतो, त्यामुळे काम झालं त्याच दिवशी घाट नको. सवय नसेल तर हे काम जाणत्या मिस्त्रींकडूनच करून घ्या, पण जुने सुटे भाग समोर मागून बघा.

आणि उतारावर गाडी खालच्या गिअरमध्येच ठेवा. इंजिनने वेग धरला की ब्रेकला दम मिळतो.