भोरडीचा देश आणि पोखर्णीची ज्वारी

परभणीहून गंगाखेडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पोखर्णी हे गाव असून ते नृसिंहाच्या देवस्थानामुळे प्रसिद्ध आहे. येथील काळी जमीन अग्निजन्य खडकाची झीज होऊन बनलेली आहे. पावसाळ्यात मुरलेली ओल ती दीर्घकाळ धरून ठेवते व त्या ओलीवरच रब्बीची ज्वारी पोसते.

भूमध्य समुद्राभोवतालच्या प्रदेशात ऋतूंचा क्रम उलट आहे. तेथे पाऊस हिवाळ्यात पडतो व उन्हाळा कोरडा जातो. डोंगरउतारांवर ऑलिव्हची झाडे आणि जाड, चिवट पानांची झुडपे दिसतात. त्या देशाचा पोखर्णीशी काय संबंध, असे एखादा विद्यार्थी विचारील. संबंध आहे, आणि तो ज्वारीच्या कणसावर येऊन बसतो. भोरडी हा तो पक्षी होय.

भोरडी मैनेच्या कुळातील आहे. पूर्ण वाढलेल्या पक्ष्याचे अंग गुलाबी, डोके, पंख व शेपटी काळी आणि डोक्यावर तुरा असतो. पिले मात्र मळकट तपकिरी दिसतात. तिची वीण आग्नेय युरोपपासून मध्य आशियापर्यंतच्या गवताळ मैदानांत मे-जून महिन्यांत, म्हणजे टोळ विपुल असतात तेव्हा होते. टोळांच्या मागे ती नेहमीच्या सीमा ओलांडूनही जाते. १८७५ साली उत्तर इटलीत वेरोनाजवळील व्हिलाफ्रांका येथे जुन्या किल्ल्याच्या भिंतींत हजारो भोरड्यांनी घरटी केली होती. चीनच्या शिनजियांग प्रांतात तर गेल्या शतकाच्या अखेरीस टोळांच्या बंदोबस्तासाठी या पक्ष्यांकरिता मुद्दाम दगडांचे ढीग रचण्यात आले. एका देशात जिच्यासाठी घरे बांधली जातात, तिच्यावरच दुसऱ्या देशात गोफण चालते!

गोफण चालविणाऱ्यास दोष देणेही योग्य नव्हे. ज्वारी चिकात आली की भोरड्यांचा थवा ढगासारखा उतरतो आणि घटकाभरात कणसे रिकामी करतो. शेतकऱ्याच्या वर्षाच्या भाकरीचा तो प्रश्न असतो. पहाटेपासून माळ्यावर उभे राहून, डबा वाजवून, आरोळ्या देऊन राखण करावी लागते, आणि त्या दिवसांत वर्गातील काही जागा रिकाम्या का दिसतात हे खेड्यातील शिक्षकांस सांगावयास नको.

परंतु हिशेब पुरा मांडावयाचा तर कणसापाशी थांबून चालत नाही. भोरड्या श्रावण-भाद्रपदापासून येऊ लागतात. त्या वेळी कणसे नसतात. माळावरील व शेतांतील नाकतोडे आणि अळ्या हेच त्यांचे भक्ष्य असते. वड-पिंपळाची फळे खाऊन त्या बी दूरवर टाकतात. माघ-फाल्गुनात पळस व पांगारा फुलला म्हणजे मधासाठी तेथे त्यांची गर्दी होते आणि चोचीला व कपाळाला लागलेला पराग एका फुलावरून दुसऱ्यावर जातो. हे काम दाण्यांच्या नुकसानीएवढे भरते की कमी, हे शेताशेतावर अवलंबून आहे. ज्याचे पीक बाभळीच्या रातथाऱ्याजवळ आहे, त्यास ते कमीच वाटणार.

सूर्यास्ताच्या सुमारास या बाभळींवर उतरण्यापूर्वी हजारो पक्षी एकदम वळतात, पसरतात, पुन्हा गोळा होतात. हे दृश्य विद्यार्थ्यांस अवश्य दाखवावे व दुसऱ्या दिवशी आशियाच्या नकाशावर त्यांच्या प्रवासाची रेषा काढून घ्यावी. चैत्रापर्यंत ज्वारीची खळी उरकलेली असतात. त्याच सुमारास भोरड्यांचे थवे वायव्येकडे निघतात आणि माळे रिकामे होतात.