जुना गीझर: दुरुस्ती करावी की नवा घ्यावा?

थंडीची चाहूल लागताच देशभरातील घरांमध्ये अनेक महिने बंद असलेले गीझर पुन्हा सुरू केले जातात आणि त्यांच्याविषयीच्या तक्रारीही त्याच सुमारास डोके वर काढतात. पाणी तापण्यास विलंब होतो, नळातून तांबूस पाणी येते किंवा गीझरच्या तळाशी थेंब साचू लागतात. अशा वेळी बोलावलेला कारागीर एक तर काही शे रुपयांची दुरुस्ती सुचवतो किंवा ‘आता नवाच घ्या’ असे सांगून मोकळा होतो. या दोन सल्ल्यांपैकी कोणता मानावा, हे ठरवताना गीझरचे वय हा निकष पुरेसा नाही. त्याचा कोणता भाग निकामी झाला आहे, हे आधी पाहणे आवश्यक असते.

साठवणुकीच्या विद्युत गीझरमध्ये पाण्याची टाकी, पाणी तापवणारे एलिमेंट, तापमान नियंत्रित करणारा थर्मोस्टॅट, तापमान मर्यादेबाहेर गेल्यास वीजपुरवठा तोडणारा कटआउट, दाब वाढल्यास पाणी बाहेर सोडणारी सुरक्षा झडप आणि टाकीत बसवलेली मॅग्नेशियमची कांडी हे प्रमुख भाग असतात. यांपैकी टाकी वगळता जवळजवळ प्रत्येक भाग बदलता येतो. टाकी मात्र बाहेरील आवरण आणि उष्णतारोधक फोम यांच्या आत बंदिस्त असते. पोलादी टाकीला आतून काचेसारख्या इनॅमलचा लेप दिलेला असल्यास तिला वेल्डिंग करणे म्हणजे तो लेप तडकवणे आणि भोवतालचा फोम जाळणे होय. त्यामुळे टाकीलाच छिद्र पडले असेल, तर दुरुस्तीवर खर्च करण्यात अर्थ नसतो. महाराष्ट्रातील तांब्याच्या बंबाची गोष्ट वेगळी होती. गळणारा बंब पुण्याच्या तांबट आळीसारख्या ठिकाणी झाळून पुन्हा वापरात आणता येत असे आणि तो एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जात असे. आजच्या गीझरच्या रचनेत ती सोय उरलेली नाही.

तळाशी दिसणारे प्रत्येक पाणी टाकीतूनच येते असे नाही, आणि बहुतेक चुकीचे निर्णय येथेच होतात. पाणी २० अंश सेल्सिअसवरून ६० अंशांपर्यंत तापले की त्याचे आकारमान सुमारे दीड टक्का वाढते. पंधरा लिटरच्या टाकीत ही वाढ दोनशे मिलिलिटरहून थोडी अधिक भरते. हे वाढीव पाणी मागे जलवाहिनीत जाऊ शकत नसेल, तर ते सुरक्षा झडपेतून ठिबकते. गीझर सुरू असतानाच होणारी आणि बंद केल्यावर थांबणारी ही ठिबक म्हणजे बिघाड नव्हे, तर झडप काम करत असल्याची खूण होय. ठिबक दिवसभर सुरू राहिल्यास झडप झिजलेली असते किंवा इमारतीच्या टाकीतून येणाऱ्या पाण्याचा दाब अधिक असतो. एलिमेंट जेथे टाकीत बसवलेले असते, तेथील रबरी वायसर कडक होऊन फाटल्यामुळेही पाणी गळते आणि तो वायसर अल्प खर्चात बदलता येतो. आवरण उघडून न पाहता टाकी गेल्याचे सांगणाऱ्या कारागिराचे म्हणणे म्हणूनच लगेच ग्राह्य धरू नये.

तांबूस पाण्याची परीक्षा याहून सोपी आहे. थंड आणि गरम असे दोन्ही नळ सोडून पाहावेत. दोन्हींतून तांबूस पाणी येत असल्यास दोष इमारतीच्या जुन्या लोखंडी वाहिन्यांमध्ये असण्याचा संभव अधिक असतो. केवळ गरम नळातूनच तसे पाणी येत असेल, तर टाकी आतून गंजत आहे असे समजावे. टाकीऐवजी स्वतः झिजणे हेच मॅग्नेशियमच्या कांडीचे काम असते. ती संपली की गंज टाकीकडे वळतो. वर्षातून एकदा ही कांडी तपासून वेळीच बदलल्यास टाकीचे आयुष्य वाढते, परंतु बहुसंख्य घरांत अशी कांडी आहे याचीच कल्पना नसते. गंज टाकीपर्यंत पोहोचल्यानंतर नवी कांडी बसवून गेलेला धातू परत मिळत नाही.

जड, क्षारयुक्त पाण्याच्या प्रदेशात एलिमेंटवर चुन्यासारखा पांढरा थर जमतो. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकानुसार पाण्याचा जडपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह, तर पर्यायी स्रोत नसल्यास ६०० मिलिग्रॅमपर्यंत अनुज्ञेय आहे. कूपनलिकेवर अवलंबून असलेल्या अनेक वसाहतींमध्ये पाणी या वरच्या मर्यादेच्या आसपास असते. क्षारांच्या थरामुळे एलिमेंटची उष्णता पाण्यात सहज उतरत नाही, ते स्वतःच अति तापते आणि अखेरीस जळते. तापताना गीझरमधून येणारा खदखद किंवा तडतड असा आवाज हे याचे लक्षण मानले जाते. टाकी सुस्थितीत असेल तर एलिमेंट बदलून आणि टाकी आतून धुऊन घेणे योग्य ठरते. दर हिवाळ्यात एलिमेंट जळत असल्यास मात्र नवा गीझर आणूनही तेच होईल, कारण दोष पाण्याचा आहे. तेथे थर्मोस्टॅट ६० अंशांच्या खाली ठेवणे किंवा पाणी मृदू करण्याची व्यवस्था करणे अधिक उपयोगाचे असते.

नवा गीझर विकताना दिले जाणारे सर्वांत प्रभावी कारण म्हणजे विजेची बचत. यात तथ्य आहे, पण ते सर्वांना सारखे लागू पडत नाही. पंधरा लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापवण्यासाठी सुमारे ०.७ युनिट वीज लागते. गीझर जुना असो वा नवा, या आकड्यात फारसा फरक पडत नाही, कारण एलिमेंटमध्ये गेलेल्या जवळपास सर्व विजेचे रूपांतर उष्णतेतच होते. फरक पडतो तो तापलेले पाणी साठवून ठेवताना होणाऱ्या उष्णतेच्या ऱ्हासात. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचे तारांकन विद्युत गीझरसाठी बंधनकारक असून ते मुख्यतः याच ऱ्हासावर आधारलेले आहे. समजा, जुना गीझर दिवसभर सुरू ठेवल्यास दीड युनिट आणि नवा ०.६ युनिट वीज केवळ पाणी गरम राखण्यात घालवतो. चार महिन्यांच्या हिवाळ्यात १०८ युनिटांची, म्हणजे आठ रुपये दराने ८६४ रुपयांची बचत होईल. स्नानापूर्वी अर्धा तास गीझर लावून नंतर तो बंद करणाऱ्या कुटुंबाला यांपैकी फारच थोडी रक्कम वाचवता येते. अशा घरात केवळ तारांकनासाठी चालू स्थितीतील गीझर मोडीत काढणे व्यवहार्य ठरत नाही.

मात्र जेथे सुरक्षिततेचा प्रश्न येतो, तेथे हिशेबाला दुय्यम स्थान द्यावे लागते. पाण्याला हात लावताच झिणझिण्या येणे किंवा गीझर लावताच विजेचे गळतीरोधक स्विच पडणे, याचा अर्थ एलिमेंटचे आवरण फुटले असण्याची दाट शक्यता आहे. एलिमेंट बदलून अर्थिंगची तपासणी होईपर्यंत गीझर वापरू नये. याहून घातक प्रकार म्हणजे थर्मोस्टॅट किंवा कटआउट बिघडल्यावर तो वगळून वीजजोडणी थेट एलिमेंटला देणे. कारागिरांच्या भाषेत यास ‘डायरेक्ट करणे’ म्हणतात. त्यातच ठिबकणारी सुरक्षा झडप कोणी बूच मारून बंद केलेली असेल, तर टाकीतील पाणी दाबाखाली शंभर अंशांच्याही पुढे तापते. टाकी फुटताच त्यातील काही पाण्याची क्षणार्धात वाफ होते आणि वाफेचे आकारमान पाण्याच्या सुमारे सोळाशे पट असते. स्नानगृहाची भिंत कोसळवण्यास एवढी शक्ती पुरेशी ठरते. असा गीझर आढळल्यास तो तात्काळ बंद करून मूळ भाग पुन्हा बसवून घ्यावेत. ते मिळत नसतील तर गीझर बदलावा.

गॅसवर चालणाऱ्या गीझरचा निकष स्वतंत्र आहे. बंद स्नानगृहात बसवलेल्या अशा गीझरमुळे कार्बन मोनॉक्साइड वायू साचून मृत्यू ओढवल्याच्या घटना देशात वारंवार घडल्या आहेत. या वायूला ना रंग असतो ना वास. तेथे बर्नरची दुरुस्ती करून किंवा नवा गीझर आणून धोका टळत नाही. गीझर स्नानगृहाबाहेर, मोकळ्या हवेत हलवणे हाच उपाय आहे.

घर बदलताना जुना गीझर सोबत नेणाऱ्यांनी पाण्याच्या दाबाकडेही लक्ष द्यावे. दर दहा मीटर उंचीमागे दाब साधारण एक बारने वाढतो. वीस मजली इमारतीच्या गच्चीवरील टाकीमुळे खालच्या मजल्यांवर, दाब कमी करणारी व्यवस्था नसल्यास, सहा बारच्या आसपास दाब येऊ शकतो. दुमजली घरात वर्षानुवर्षे बिनतक्रार चाललेली टाकी तेथे टिकेलच असे नाही. गीझरवरील पट्टीवर त्याची दाबक्षमता छापलेली असते. सिमला, श्रीनगर यांसारख्या ठिकाणी हिवाळ्यात घर बंद करून जाताना गीझरमधील पाणी काढून टाकणे आवश्यक असते, अन्यथा गोठून प्रसरण पावणारे पाणी चांगली टाकीही फोडते.

दुरुस्तीचा निर्णय झाल्यास सुटे भाग मिळणे ही पुढची अडचण असते. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, दुरुस्तीच्या हक्काविषयीचे संकेतस्थळ सुरू केले. उत्पादकांनी दुरुस्ती, सुटे भाग आणि हमी यांची माहिती एका ठिकाणी द्यावी, हा त्यामागील हेतू आहे. नवा गीझर घेतल्यास त्यावरील आयएसआय चिन्हाखालचा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अ‍ॅपवर पडताळून घेता येतो. हमीपत्रात टाकीची आणि अन्य भागांची मुदत बहुधा वेगवेगळी असते, तसेच जड पाण्यासंबंधीच्या अटीही बारीक अक्षरांत दिलेल्या असतात. त्या खरेदीपूर्वी वाचाव्यात. जुन्या गीझरची टाकी तांब्याची असल्यास मोडीत तिला चांगली किंमत येते, ही बाब बदली सवलतीचा सौदा करताना ग्राहकाने विसरू नये. सेवा केंद्राने भाग न बदलताच देयक आकारल्यास किंवा हमी नाकारल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.