व्यायामाच्या सवयीतील वयोभेद व लिंगभेद

नियमित व्यायामाच्या सवयीचा विचार करताना श्रम आणि व्यायाम या दोन कल्पनांची गल्लत वारंवार होते. शेतात दिवसभर खुरपणी करणारी स्त्री श्रम करते; परंतु स्वतःसाठी राखलेल्या वेळात शरीरस्वास्थ्याच्या हेतूने केलेली हालचाल म्हणजे व्यायाम, असे मानले तर ती व्यायाम करीत नाही. हा भेद दृष्टीआड केला असता आकड्यांचा भलताच अर्थ लावला जातो.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मधुमेहविषयक पाहणीच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्र, तामिळनाडू, झारखंड व चंडीगढ येथील १४,२२७ प्रौढांच्या शारीरिक हालचालींची नोंद झाली. तिचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. त्यांत शेकडा ५४.४ व्यक्ती निष्क्रिय ठरल्या. शहरांत हे प्रमाण शेकडा ६५, तर ग्रामीण भागात ५० होते. प्रसिद्ध आकड्यांवरून हिशेब केला असता निष्क्रियतेचे प्रमाण पुरुषांत शेकडा सुमारे ४६ आणि स्त्रियांत सुमारे ६३ येते. पण पुरुषांनी याचे फारसे श्रेय घेऊ नये. त्यांची सक्रियता मुख्यतः कामधंद्यातली आहे. फुरसतीच्या वेळी कोणताही व्यायाम करीत नसल्याचे महाराष्ट्रात शेकडा ९१.३ व्यक्तींनी सांगितले.

असा व्यायाम न करणाऱ्यांचे प्रमाण वयाबरोबर वाढत जाते, असेही या पाहणीत आढळले. मात्र येथे सावधगिरी हवी. एकाच वेळी केलेल्या पाहणीत विशीतला तरुण आणि साठीतला गृहस्थ ही दोन भिन्न पिढ्यांची माणसे असतात. वृद्धांनी सवय सोडली, की ती त्यांना कधी लागलीच नव्हती, हे त्यावरून ठरत नाही. त्यासाठी त्याच व्यक्तींची वर्षानुवर्षे पुनःपुन्हा नोंद घ्यावी लागते.

स्त्रियांच्या बाबतीत प्रश्न प्रथम वेळेचा आहे. २०१९ च्या राष्ट्रीय कालविनियोग पाहणीनुसार बिनमोबदला घरकामात भाग घेणाऱ्या स्त्रियांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जात, पुरुषांची ९७. आणि मुळात भाग घेणारे पुरुष शेकडा २६.१ च होते. प्रथेनेही स्त्रीला फारसा हात दिलेला नाही. गावोगावच्या तालमी पुरुषांच्या. फुगडी, झिम्मा हे चांगले दमवणारे खेळ खरे, पण ते मंगळागौरीसारख्या मोजक्या दिवसांपुरते. त्यांना नियमित सवय म्हणता येत नाही.

दुसरा प्रश्न मापनाचा. प्रचलित जागतिक प्रश्नावलीत घरकामही ‘काम’ या सदरात धरले जाते. परंतु श्वासाची गती वाढवणारी आणि सलग किमान दहा मिनिटे चाललेली हालचालच तीत मोजली जात असे. पाणी भरणे, झाडलोट, धुणे ही कामे तुकड्यातुकड्यांनी होतात व या चाळणीतून सहज निसटतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शक सूत्रांतून दहा मिनिटांची अट काढून टाकली. त्यामुळे जुन्या पाहण्यांशी नव्यांची तुलना करताना, स्त्रियांच्या आकड्यांत दिसणारी वाढ हालचालीची आहे की व्याख्येची, हे आधी तपासावे लागते.