उजवीकडे न सरकणारी टेकडी

संपादकांना लेख हवा होता 'बॉम्बे ब्लड ग्रुप'वर. १९५२ साली डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी जगापुढे आणलेला हा दुर्मीळ रक्तगट आणि परळला केईएमच्या आवारातली नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी. आयसीएमआरची ही संस्था १९५७ साली ब्लड ग्रुप रेफरन्स सेंटर म्हणून सुरू झाली. इतिहास एवढ्यावरच सोडतो, कारण मी रमलो ते तिथल्या पांढऱ्या पेशींच्या तपासणीत.

मूल सारखं आजारी. कधी गळू, कधी यकृतात पू, कधी बीसीजी टोचल्यावर काखेत वाढत गेलेली गाठ. सीबीसी केली तर पांढऱ्या पेशी भरपूर! सीजीडी या आनुवंशिक आजारात न्यूट्रोफिल जंतूला गिळतात, पण मारू शकत नाहीत. त्यासाठी ऑक्सिजनपासून जहाल रसायनं बनवणारं एन्झाइमच जन्मतः बिघडलेलं असतं. पेशी मोजून हे कसं कळणार?

त्यासाठी डीएचआर टेस्ट. थोड्याशा रक्तात डीएचआर हे न चमकणारं द्रव्य घालतात, पीएमए घालून पेशींना डिवचतात, नळी ३७ अंशांवर ठेवतात. पेशीत हायड्रोजन पेरॉक्साइड तयार झालं, की ते द्रव्य हिरवं चमकू लागतं. मग फ्लो सायटोमीटरमध्ये एकेक पेशी निळ्या लेझरपुढून जाते आणि पडद्यावर आलेखाची टेकडी उभी राहते. निरोगी माणसाची टेकडी डिवचल्यावर झपकन उजवीकडे सरकते. रुग्णाची जागची हलत नाही.

मला खिळवून ठेवलं ते आईच्या आलेखानं. दोष एक्स गुणसूत्रावरच्या जनुकात असेल तर वाहक आईच्या टेकड्या दोन दिसतात, एक उजवीकडे, एक डावीकडे. तिच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एकच एक्स चालू असतो, म्हणून. वडील मात्र मोकळे सुटतात, आणि घरी त्याचा अर्थ काय लावला जाईल या विचारानं पोटात कालवतं. आजाराचे काही प्रकार आईवडील दोघांकडून येतात, हेही त्याच दमात सांगायला हवं.

संपादकांचा रक्तगट इथेही डोकावतोच. लॅड-२ या अतिदुर्मीळ आजारात फ्युकोज ही साखर पेशीत जागेवर पोचत नाही. त्यामुळे तांबड्या पेशी 'बॉम्बे' ठरतात आणि पांढऱ्या पेशींना रक्तवाहिनीच्या भिंतीला धरता येत नाही. एरवीच्या बॉम्बेवाल्यांना ही भीती नाही.

खरी कटकट वाहतुकीची. न्यूट्रोफिल अल्पायुषी, लांबून, उन्हातून आलेल्या नळीत ते आधीच मरगळलेले असू शकतात. म्हणून सोबत निरोगी माणसाचं त्याच वेळी काढलेलं रक्त हवं. आईचं चालत नाही, ती वाहक असू शकते. नात्याबाहेरचं कोणीतरी हात पुढे करायचा. त्या कंट्रोलचीही टेकडी हलली नाही, तर पुन्हा सगळं पहिल्यापासून. शिवाय मायलोपेरॉक्सिडेझ या वेगळ्याच एन्झाइमच्या कमतरतेतही टेकडी अडखळते आणि नसलेला सीजीडी असल्यासारखा भासतो.

निदान झालं तरी बीसीजीची जिवंत लस जन्मताच टोचून झालेली असते. जंतू आणि बुरशी रोखणारी औषधं रोज घ्यायची. पुरतं बरं व्हायचं तर बोन मॅरो ट्रान्सप्लांट, म्हणजे जुळणारा दाता आणि खर्च. पुढच्या गर्भाची तपासणी करता येते, पण त्यासाठी घरातला नेमका जनुकदोष आधी माहीत असावा लागतो. मूल दगावलं आणि त्याचं रक्त कोणी जपलेलं नसलं, तर तो शोधणं फार अवघड होऊन बसतं. अत्यवस्थ मुलाचं थोडं रक्त डीएनएसाठी काढून ठेवायचं त्या धावपळीत कुणाला सुचणार? पण ते तेव्हाच काढावं लागतं.