जबड्यात पुन्हा पुन्हा सिस्ट? फक्त दातांचा त्रास समजू नका

दाढ दुखते म्हणून मुलाला डेंटिस्टकडे नेलं. एक्स-रेमध्ये जबड्याच्या हाडात सिस्ट, म्हणजे पिशवीसारखी गाठ दिसली. ऑपरेशन झालं, घरचे निर्धास्त झाले. काही वर्षांनी पुन्हा तेच! असं झालं तर डॉक्टरांना एक प्रश्न नक्की विचारा, 'हा गॉर्लिन सिंड्रोम तर नाही ना?'

काय आहे हा आजार?

हा दुर्मीळ आनुवंशिक आजार आहे. 1960 मध्ये अमेरिकेतील मुखरोगतज्ज्ञ रॉबर्ट गॉर्लिन आणि त्वचारोगतज्ज्ञ रॉबर्ट गोल्ट्झ यांनी त्याची लक्षणं एकत्र मांडली. पेशींच्या वाढीला लगाम घालणाऱ्या जनुकात यात दोष असतो. आई किंवा वडिलांना आजार असेल तर प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता 50 टक्के असते. कधी कधी घरात कुणालाच नसतानाही तो होतो.

या खुणा पाहा

• जबड्यात एक किंवा अनेक सिस्ट, बऱ्याचदा किशोरवयात
• तळहात, तळपायांवर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खळगे
• कमी वयात बेसल सेल कार्सिनोमा हा त्वचेचा कर्करोग: चमकदार गाठ किंवा न भरणारी जखम
• छातीच्या एक्स-रेमध्ये टोकाला दुभंगलेली बरगडी
• स्कॅनमध्ये मेंदूतील पडद्यावर कॅल्शियमचा थर

सावळ्या त्वचेवर हा कर्करोग कमी दिसतो. त्यामुळे आपल्याकडे अनेकदा पहिला सुगावा डेंटिस्टलाच लागतो.

निदान कसं होतं?

एकाच खुणेवरून निदान होत नाही. डॉक्टर मुख्य आणि दुय्यम लक्षणांचा मेळ घालतात आणि जनुकीय तपासणीने खात्री करतात. म्हणून जुने एक्स-रे, रिपोर्ट फेकू नका. घरात कुणाला असा त्रास होता का, हेही सांगा.

वेळेवर कळणं का महत्त्वाचं?

या रुग्णांना रेडिओथेरपी दिली तर त्या जागी पुढे त्वचेचे अनेक कर्करोग होऊ शकतात, म्हणून ती शक्यतो टाळतात. कडक उन्हापासूनही जपावं लागतं. लहानपणी मेंदूत गाठ होण्याचा धोका असल्याने बाळांवर विशेष लक्ष ठेवतात.

हा आजार मुळापासून बरा होत नाही, पण नियमित तपासणीत गाठी लहान असतानाच काढता येतात. एकाचं निदान झालं की भावंडांची आणि आई-वडिलांचीही तपासणी करून घ्या.